रस्टची टूलचेन गिटहब ॲक्शन्समध्ये बसवताना: आवृत्ती एकाच जागी ठरू द्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. छोटी टीम, रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेली एक सेवा, तिच्यासोबत ग्राहकांना दिली जाणारी एक लायब्ररी, आणि बिल्ड गिटहब ॲक्शन्सवर, म्हणजे कोड आपोआप बांधून तपासणाऱ्या गिटहबच्या सेवेवर. शुक्रवारी संध्याकाळी सगळं हिरवं होतं. सोमवारी कोडच्या एका ओळीलाही हात न लावता क्लिपीची, म्हणजे रस्टच्या कोड-तपासनिसाची, पायरी लाल झाली. मॅट्रिक्समध्ये, म्हणजे तोच बिल्ड अनेक आवृत्त्यांवर चालवणाऱ्या जॉबच्या संचात, जुनी आवृत्ती रोज तपासली जाते, तरी एका ग्राहकाकडे नेमक्या त्याच जुन्या कंपायलरवर लायब्ररी बिल्ड होत नाही. शिवाय प्रत्येक रनला पंधरा मिनिटं जातात. आणि विचारलंय इतकंच: टूलचेन (कंपायलर आणि सोबतची साधनं) बसवायला कोणती ॲक्शन (बिल्डमध्ये लावायची तयार पायरी) चांगली, की सरळ डॉकर इमेज घ्यावी?

ॲक्शनबद्दल सांगतेच, पण नुसती ॲक्शन बदलून तुमची एकही तक्रार मिटणार नाही. पहिल्या दोन तक्रारींचं मूळ एक आहे. तुमच्या रेपोत कंपायलरची आवृत्ती ठरवणाऱ्या जागा एकाहून जास्त आहेत आणि त्यांतली कोणती जिंकते हे कुणी तपासलेलं नाही. वेळेची तक्रार वेगळी आहे, तिचा टूलचेनशी तुम्हाला वाटतो तेवढा संबंध नाही.

आधी सोमवारचं लाल. रस्टची नवी स्टेबल आवृत्ती दर सहा आठवड्यांनी, गुरुवारी येते. गिटहबच्या उबंटू रनरवर (बिल्ड चालवणाऱ्या यंत्रावर) रस्टअप (टूलचेन बसवणारं साधन), स्टेबल कंपायलर, क्लिपी आणि रस्टफॉर्मॅट आधीपासून असतात, आणि त्या रनरच्या इमेजेस साधारण दर आठवड्याला नव्याने बनतात. नवी इमेज सगळ्या रनरवर एकाच क्षणी पोचत नाही. त्यामुळे त्या दोन-चार दिवसांत एकच कमिट एका रनला जुन्या कंपायलरवर आणि दुसऱ्या रनला नव्यावर चालू शकतो. नव्या क्लिपीत नवे लिंट, म्हणजे तपासणीचे नियम, येतात किंवा जुन्या लिंटची कक्षा वाढते. तुम्ही इशाऱ्यांना चूक मानायला सांगितलं असेल, तर कालचा चांगला कोड आज लाल. यात क्लिपीचा दोष नाही. ‘स्टेबल’ हे एका चालत्या गोष्टीचं नाव आहे, ते स्थिर आवृत्तीचं नाव समजून वापरलं गेलं, एवढंच झालंय.

आता मॅट्रिक्सचा भाग, जो मला जास्त गंभीर वाटतो, कारण तिथे हिरवं दिसतं आणि तपासणी मात्र होतच नाही. रस्टअप आवृत्ती कशी निवडतं याचा क्रम ठरलेला आहे. सगळ्यात वर कमांडमध्येच दिलेली आवृत्ती, म्हणजे कार्गो या बिल्ड साधनाच्या पुढे अधिकचं चिन्ह लावून लिहिलेली. तिच्याखाली रस्टअप-टूलचेन (RUSTUP_TOOLCHAIN) हे पर्यावरणचल. मग त्या फोल्डरसाठी ‘रस्टअप ओव्हरराइड’ने केलेली नोंद. मग रेपोतली ‘रस्ट-टूलचेन.टॉमल’ ही फाइल. आणि यातलं काहीच नसेल तर शेवटी डिफॉल्ट.

बहुतेक ॲक्शन्स काय करतात? मागितलेली आवृत्ती उतरवतात आणि तिला डिफॉल्ट करतात, म्हणजे यादीतल्या सगळ्यात खालच्या जागी ठेवतात. तुमच्या रेपोत टूलचेन फाइल असेल तर ती वर बसलेली आहे. मॅट्रिक्सच्या तीन जॉबनी तीन आवृत्त्या डाउनलोड केल्या, लॉगमध्ये तीनही बसल्याचं दिसलं, आणि प्रत्यक्ष बिल्ड मात्र तिन्ही जॉबमध्ये फाइलमधल्या आवृत्तीवर झाला. कुठेही चूक दाखवली जात नाही. तुमच्याकडे हेच घडतंय असं मला जवळजवळ नक्की वाटतं. खात्री करायची तर बिल्डच्या लगेच आधी, त्याच फोल्डरमध्ये, ‘रस्टअप शो’ आणि रस्टसीची (कंपायलरची) सविस्तर आवृत्ती छापणारी कमांड चालवा. ‘रस्टअप शो’ सक्रिय टूलचेनच्या नावासोबत ती कुणाच्या सांगण्यावरून निवडली तेही सांगतं. मी ही पायरी प्रत्येक प्रकल्पात कायमची ठेवते. एखाद-दोन सेकंदांत होते, आणि सहा महिन्यांनी जुना लॉग उघडला तरी कोणत्या कंपायलरने काय बनवलं हे समोर असतं.

म्हणून माझी पद्धत अशी: आवृत्ती रेपोतल्या टूलचेन फाइलमध्ये लिहायची, आणि वर्कफ्लोच्या फाइलमध्ये ती पुन्हा लिहायची नाही. ॲक्शन्सने फाइल वाचायची आणि पाळायची. टीममधल्या प्रत्येकाच्या लॅपटॉपवरही तीच फाइल लागू होते, त्यामुळे ‘माझ्याकडे चालतंय’ हा वाद बराचसा तिथेच संपतो. त्या फाइलमध्ये चॅनेल म्हणून पूर्ण आवृत्ती द्या, तिन्ही आकडे: १.८९.० असं. घटक म्हणून क्लिपी आणि रस्टफॉर्मॅट. प्रोफाइल मिनिमल. आणि वेगळ्या प्रोसेसरसाठी किंवा मसलसाठी (musl, लिनक्सची पर्यायी सी लायब्ररी) बिल्ड करत असाल तर ती टार्गेटंही तिथेच.

मिनिमल प्रोफाइलवर माझा भर का, तर डिफॉल्ट प्रोफाइलसोबत रस्टची संपूर्ण दस्तऐवजं उतरतात. ती हजारो छोट्या एचटीएमएल फाइलींची असतात आणि बिल्ड सर्व्हरवर कुणी वाचत नाही. लिनक्सवर फार फरक जाणवत नाही, पण विंडोज रनरवर इतक्या फाइली उलगडायला लागणारा वेळ चांगलाच डोळ्यांत भरतो.

इथे ‘परिस्थितीवर अवलंबून’ असं म्हणावंच लागतं. सेवा, म्हणजे जे तुम्ही स्वतः बनवून स्वतः चालवता, तिच्यासाठी आवृत्ती नेमकी पिन करणं, म्हणजे एका आकड्यावर बांधून ठेवणं, मला नेहमीच योग्य वाटतं. लायब्ररीचं तसं नाही. तुमच्या रेपोतली टूलचेन फाइल तुम्हाला बांधते, ग्राहकाला नाही. तो त्याच्या कंपायलरनेच बिल्ड करणार. लायब्ररीसाठी खरा करार कार्गो.टॉमलमधल्या ‘रस्ट-व्हर्जन’ या ओळीत असतो, आणि तो पाळला जातो का हे स्वतंत्र जॉबने तपासावं लागतं. त्या जॉबमध्ये आवृत्ती रस्टअप-टूलचेन या पर्यावरणचलातून द्या, किंवा कमांडमध्येच अधिकचं चिन्ह लावून. दोन्ही फाइलच्या वर बसतात, म्हणून तपासणी खरोखर जुन्या कंपायलरवर होते.

हा जॉब पहिल्यांदा खरा चालेल तेव्हा तो लाल होईल, घाबरू नका. बहुधा तुमच्या कोडमुळे होणार नाही. नेहमीची दोन कारणं सांगते. एक, लॉक फाइल, म्हणजे अवलंबनांच्या (वापरलेल्या बाहेरच्या लायब्ररींच्या) नेमक्या आवृत्त्यांची नोंद. कार्गो १.८३पासून नव्या लॉक फाइली चौथ्या स्वरूपात लिहिल्या जाऊ लागल्या, आणि १.७८च्या आधीच्या कार्गोला ते स्वरूप वाचताच येत नाही. दोन, एखाद्या अवलंबनाने त्याची किमान आवृत्ती वर नेलेली असते. यावर आता चांगला उपाय आहे. जानेवारी २०२५मध्ये आलेल्या १.८४पासून कार्गोचा रिझॉल्व्हर तुमची ‘रस्ट-व्हर्जन’ बघून जुळणारी अवलंबनं निवडू शकतो. रस्ट भाषेची २०२४ची एडिशन वापरत असाल तर हे आपोआप सुरू असतं, पण त्या एडिशनला किमान १.८५ लागतं. जुन्या एडिशनवर असाल तर तिसरा रिझॉल्व्हर स्वतः मागून घ्यावा लागतो.

आकड्यांचा एक सापळा आत्ताच सांगून टाकते. वर्कफ्लोची फाइल यामल या मजकूर-स्वरूपात असते, आणि यामलला अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेलं १.९० हे अपूर्णांकासारखं दिसतं. शेवटचं शून्य गळतं आणि ॲक्शनच्या हाती १.९ पडतं, म्हणजे २०१६मधला कंपायलर. पायथनच्या ३.१०च्या वेळी आणि गो भाषेच्या १.२०च्या वेळी असंख्य टीम याच जागी अडखळल्या. आवृत्ती नेहमी अवतरणचिन्हांत लिहा. तिन्ही आकडे लिहिण्याचा हाही एक फायदा, दोन दशांशचिन्हं असलेलं काही अपूर्णांक म्हणून वाचलं जात नाही.

आता ॲक्शनची निवड. तुमच्या वर्कफ्लोत ‘ॲक्शन्स-आरएस/टूलचेन’ असेल तर ती आधी काढा. जुन्या लेखांमध्ये सगळीकडे तीच सापडते, पण तिची देखभाल केव्हाच थांबली आणि २०२३मध्ये ते रेपो संग्रहात टाकलं गेलं. आज प्रत्यक्षात तीन पर्याय आहेत.

पहिला, डेव्हिड टोल्ने यांची ‘रस्ट-टूलचेन’ ॲक्शन. लहान, वाचायला सोपी, एकच काम करणारी. पण ती तुमची टूलचेन फाइल वाचत नाही. आवृत्ती तिच्या नावापुढच्या खुणेतून किंवा इनपुटमधून घेते. फाइल ठेवून ही ॲक्शन ‘स्टेबल’वर लावली, तर एक कंपायलर उगाच उतरतो आणि बिल्डच्या वेळी फाइलमधला दुसरा उतरतो.

दुसरा, ‘ॲक्शन्स-रस्ट-लँग/सेटअप-रस्ट-टूलचेन’. ही फाइल वाचते, कॅशही स्वतः सांभाळते, चुका पुल रिक्वेस्टमध्ये (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याच्या विनंतीत) त्या त्या ओळीवर दाखवते. एक गोष्ट मात्र तिच्या माहितीपत्रात नीट वाचा: ती रस्टफ्लॅग्ज हे (कंपायलरला फ्लॅग देणारं) पर्यावरणचल स्वतःहून भरते, इशाऱ्यांना चूक मानायला सांगते. आणि हे पर्यावरणचल भरलेलं असलं की कार्गोच्या कॉन्फिग फाइलमध्ये तुम्ही लिहिलेले फ्लॅग विचारातच घेतले जात नाहीत. दोन्हींची बेरीज होत नाही. कॉन्फिगमध्ये वेगळा लिंकर किंवा प्रोसेसरचा फ्लॅग ठेवला असेल, तर तो सर्व्हरवर मुकाट्याने गायब होतो. या ॲक्शनचा ‘रस्टफ्लॅग्ज’ हा इनपुट मुद्दाम रिकामा लिहून दिला की प्रश्न सुटतो.

तिसरा पर्याय, आणि तुमच्यासारख्या टीमला मी हाच सुचवेन: कोणतीही ॲक्शन नको. रनरवर रस्टअप आहेच. टूलचेन फाइल आहे. ‘रस्टअप टूलचेन इन्स्टॉल’ ही कमांड नाव न देता चालवली की रस्टअप १.२८पासून ती सक्रिय टूलचेन, म्हणजे फाइलमध्ये लिहिलेली, घटकांसह आणि टार्गेटांसह बसवते. हे स्पष्टपणे लिहाच. पूर्वी अनेक जण नुसती कार्गो कमांड चालवायचे आणि रस्टअप हवा तो कंपायलर आपसूक उतरवायचं, म्हणून स्वतंत्र पायरीची गरज वाटायची नाही. मार्च २०२५मध्ये रस्टअप १.२८.०ने हे आपसूक बसवणं बंद केलं आणि जगभरातले बिल्ड लाल झाले. काही दिवसांतच १.२८.१ने ते पुन्हा सुरू केलं. पण ज्यांच्या वर्कफ्लोत ही पायरी स्पष्ट लिहिलेली होती त्यांना या घडामोडीची झळ कमी बसली.

ॲक्शन टाळण्यामागे माझं दुसरंही कारण आहे, सुरक्षेचं. त्याच मार्च २०२५मध्ये ‘टीजे-ॲक्शन्स/चेंज्ड-फाइल्स’ ही लोकप्रिय ॲक्शन कुणीतरी ताब्यात घेतली आणि तिचे जवळपास सगळे जुने टॅग एका दूषित कमिटकडे वळवले. वीस हजारांहून अधिक रेपो ती वापरत होते. त्या कोडने रनरच्या मेमरीतली गुपितं लॉगमध्ये छापली. टॅग हलवता येतो, हे आपल्याला ठाऊक असतं, पण ‘व्ही-चार’ असं लिहिलेलं दिसलं की आपण ते पक्कं धरून चालतो. बाहेरची ॲक्शन घ्यायचीच असेल तर चाळीस अक्षरी पूर्ण कमिट हॅशने पिन करा. टोल्ने यांच्या ॲक्शनबाबत एक बारीक मुद्दा: तिथे आवृत्ती खुणेतूनच कळते, त्यामुळे हॅश लावला की आवृत्ती इनपुटमधून वेगळी द्यावी लागते, आणि हॅश मुख्य शाखेतला घ्यावा लागतो.

वेळेकडे वळू. तुमच्या पंधरा मिनिटांपैकी टूलचेन उतरवायला किती जातात हे पायरीच्या वेळा उघडून बघा. मिनिमल प्रोफाइलला माझ्या अनुभवात अर्ध्या मिनिटाच्या आत काम होतं. टूलचेनचा फोल्डर कॅश करायचा मोह होतो, पण कॅश ओढून उलगडायला जवळपास तेवढाच वेळ जातो, आणि वर जुना कंपायलर कॅशमधून परत येण्याचा धोका. ते करू नका. खरा वेळ तुमची अवलंबनं पुन्हा पुन्हा कंपाइल होण्यात जातो.

त्यासाठी ‘स्वॅटिनेम/रस्ट-कॅश’ ही ॲक्शन मला अजूनही सगळ्यात समजूतदार वाटते. ती अवलंबनांचा बिल्ड ठेवते आणि तुमच्या स्वतःच्या क्रेटचा (रस्ट पॅकेजचा) काढून टाकते, कारण तो दर कमिटला बदलतोच. कॅशच्या किल्लीत कंपायलरची आवृत्ती आणि लॉक फाइल दोन्ही धरते, म्हणून ती टूलचेन बसवल्यानंतरच्या पायरीत ठेवा. आधी ठेवलीत तर किल्ली भलत्याच कंपायलरची बनते. आणि इन्क्रिमेंटल कंपायलेशन ती बंद करते, ते बरोबरच आहे. दर वेळी स्वच्छ रनरवर त्याचा उपयोग नाही, टार्गेट फोल्डर मात्र फुगतो.

कॅशची मर्यादा लक्षात ठेवा. रेपोमागे १० जीबी मोफत, आणि सात दिवस न वापरलेली कॅश काढली जाते. पुल रिक्वेस्टला स्वतःच्या आणि मूळ शाखेच्या कॅशमधून वाचता येतं, शेजारच्या पुल रिक्वेस्टच्या नाही. म्हणून मुख्य शाखेवर बिल्ड चालून तिथे कॅश तयार होणं फार महत्त्वाचं आहे. अनेक टीम फक्त पुल रिक्वेस्टवर बिल्ड चालवतात आणि मग प्रत्येक नवी शाखा शून्यातून सुरू होते. तुमची पंधरा मिनिटं बहुतेक इथेच आहेत. मुख्य शाखेवर बिल्ड चालवा आणि कॅश जपण्याचं काम फक्त त्या शाखेलाच द्या, बाकीच्यांनी नुसतं वाचावं.

वेळ खाणारी आणखी एक गोष्ट म्हणजे पुन्हा ते रस्टफ्लॅग्ज. एका पायरीत ते आहे आणि पुढच्या पायरीत नाही असं झालं, तर कार्गोच्या दृष्टीने दोन्ही वेगळे बिल्ड, आणि सगळी अवलंबनं दोनदा बनतात. इशाऱ्यांची सक्ती पर्यावरणचलातून न करता क्लिपीच्या कमांडच्या शेवटी द्या. कोणते लिंट हवेत-नकोत हे कार्गो.टॉमलमधल्या लिंट्सच्या तक्त्यात लिहा, ती सोय १.७४पासून आहे. बिल्ड आणि टेस्टच्या कमांडला ‘लॉक्ड’चा पर्याय लावा, म्हणजे लॉक फाइल आणि कार्गो.टॉमल जुळत नसतील तर कार्गो गुपचूप नवी लॉक फाइल बनवण्याऐवजी तिथेच थांबेल. कंपायलर पिन केला आणि अवलंबनं मोकळी सोडली तर निम्मंच काम झालं.

डॉकर इमेजबद्दल. तुमचे रनर स्वतःचे असतील, किंवा बिल्डला काही सिस्टीम लायब्ररी लागत असतील ज्या दर वेळी बसवणं जिकिरीचं आहे, तर इमेज जरूर घ्या. गिटलॅबवर असता तर मी आधी इमेजच सांगितली असती. पण गिटहबच्या रनरवर, जिथे रस्टअप आधीच आहे, इमेज ओढण्यात वेळच जातो. आणि इमेज घेतली की आवृत्ती ठरवणारी आणखी एक जागा तयार होते, हा मूळ मुद्दा विसरू नका. अधिकृत रस्ट इमेजमध्ये टूलचेन १.८९.० या नावाने बसलेली असते. तुमच्या फाइलमध्ये नुसतं १.८९ असेल तर रस्टअपच्या लेखी ती दोन वेगळी नावं आहेत. कंपायलर तोच, तरी प्रत्येक रनला तो नव्याने उतरतो. तीन आकडे लिहा म्हटलं त्याचं हे तिसरं कारण.

कंपायलर पिन करताना खालची ऑपरेटिंग सिस्टीम मोकळी राहते याकडेही बघा. ‘उबंटू-लेटेस्ट’ ही खूणदेखील ‘स्टेबल’सारखीच चालती आहे. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५च्या दरम्यान ती २२.०४वरून २४.०४वर गेली. त्यासोबत जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.३५वरून २.३९ झालं. नव्या जीलिबसीवर लिंक केलेली बायनरी जुन्या सर्व्हरवर सुरूच न होण्याची शक्यता असते, आणि ही चूक बिल्डमध्ये दिसत नाही, तैनात केल्यावर दिसते. रनरची खूण आवृत्तीसह लिहा. ग्राहकांकडे कोणती लिनक्स असेल याचा भरवसा नसेल तर मसल टार्गेटवर स्थिर बायनरी बनवा. सी लायब्ररींवर अवलंबून असाल तर मसलचा रस्ता कष्टाचा होतो, तेव्हा तुम्ही ज्या सगळ्यात जुन्या वितरणाला आधार देता त्याच्याच कंटेनरमध्ये बिल्ड करणं सोपं पडतं.

इथवर सगळं पिन झालं, आणि पिन करण्याला माझा एकच आक्षेप आहे: पिन केलेलं लोक विसरतात. दीड वर्ष १.८१वर बसलेली टीम जेव्हा एकदम उडी मारते तेव्हा शंभर लिंट एकत्र अंगावर येतात. म्हणून एक वेगळा वर्कफ्लो ठेवा, आठवड्यातून एकदा वेळापत्रकाने चालणारा, जो रस्टअप-टूलचेन पर्यावरणचलातून स्टेबल आणि बीटा या दोन्हींवर क्लिपी आणि टेस्ट चालवेल. तो कोणाचंही विलीनीकरण अडवणार नाही, फक्त कळवेल. आज बीटावर दिसलेला इशारा सहा आठवड्यांच्या आत स्टेबलवर येणार असतो, तेवढा वेळ तुमच्या हातात राहतो. वेळापत्रक यूटीसीमध्ये वाचलं जातं, आपल्याकडे सोमवारी सकाळी नऊला हवं असेल तर साडेतीन लिहा. रेपो सार्वजनिक असेल तर साठ दिवस काही हालचाल झाली नाही की गिटहब असे वर्कफ्लो बंद करतं, अधूनमधून तपासा.

आणि आवृत्ती वाढवायचा बदल नेहमी स्वतंत्र पुल रिक्वेस्टमध्ये करा: टूलचेन फाइलमधली एक ओळ, आणि नव्या लिंटमुळे करावे लागलेले बदल. सोबत दुसरं काही नको. उदाहरणार्थ, सप्टेंबर २०२५मधल्या १.९०ने ६४-बिट एक्स८६ लिनक्सवर मूळचा लिंकर बदलून एलएलडी हा दुसरा लिंकर केला. अशा बदलानंतर काही बिघडलंच, तर ती एक पुल रिक्वेस्ट मागे घेतली की तुम्ही दहा मिनिटांत पूर्वीच्या जागी असता.

तुमच्यासाठी क्रम असा लावेन. आज ‘रस्टअप शो’ची पायरी टाका आणि मॅट्रिक्सचे तिन्ही लॉग बघा. फाइलमधली आवृत्ती तिन्हींमध्ये दिसली तर जुन्या आवृत्तीचा जॉब पर्यावरणचलावर न्या, आणि ग्राहकाला तोवर कळवा की त्या कंपायलरवर लायब्ररी अजून तपासलेली नाही. कॅशचं काम पुढच्या आठवड्यात केलं तरी चालेल. तिन्ही लॉगमध्ये वेगवेगळ्या आवृत्त्या निघाल्या तर माझा अंदाज चुकला. मग ग्राहकाकडची पूर्ण चूक आणि त्याची लॉक फाइल इथे टाका, त्यावरून पुढचं बघता येईल.